शेवटच्या बाकावरून

चौदा वर्षं कॉमर्स कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतोय, पण दुसऱ्या कुणाच्या तासाला कधी बसलो नव्हतो. आपल्याकडे कुणी मागे येऊन बसलं की वाटतं, आली तपासणी. म्हणून आमच्याच डिपार्टमेंटच्या एका मॅडमना "तुमच्या लेक्चरला बसू का?" विचारलं तेव्हा त्या दचकल्याच. "सर, कुणी कम्प्लेंट केलीय का?"

कम्प्लेंट कसली, दुखणं माझंच होतं. 'मागणीची लवचिकता', म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, याची व्याख्या माझ्या वर्गाला तोंडपाठ असते आणि पेपरात एकालाही वापरता येत नाही.

सकाळी ७ चा तास. नालासोपारा, बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून आलेली पोरं, निम्मी पेंगत होती. मॅडमनी व्याख्या सांगितलीच नाही. फळ्यावर दोन आकडे लिहिले, ६५ आणि ३०. मे २०२२ मध्ये एसी लोकलचं पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट ६५ रुपयांवरून ३० वर आलं, ते. "मग रेल्वेचं नुकसान झालं का?" एवढं विचारून मार्करला टोपण लावलं आणि बाटली उघडून पाणी प्यायला लागल्या.

वर्ग गप्प. माझ्या जिभेवर उत्तर वळवळत होतं. मी असतो तर एव्हाना "नाही, कारण..." करून सुटलो असतो. मनात आकडे मोजत होतो. सातव्या आकड्याला खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "किती लोक वाढले त्यावर आहे ना?" मॅडम 'बरोबर' म्हणाल्या नाहीत. "किती वाढायला हवेत?" मागून कुणीतरी, "दुपटीच्या वर." लगेच दुसरा, "पण पास कुठे स्वस्त झाला?" (खरंच, तेव्हा पासाला हातच लावला नव्हता.) मग जी जुंपली! शेवटी व्याख्या पोरांनीच केली, मोडकीतोडकी, पण स्वतःची.

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजून दाखवलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं मोठी होतात, कधी न बोलणारीही बोलतात. हे माझ्या रिफ्रेशर कोर्सच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे! पीपीटी बघत समोसे खाल्लेल्या त्या सगळ्या दिवसांपेक्षा हा एक तास मला जास्त देऊन गेला, हे माझं स्पष्ट मत. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

स्टाफरूममध्ये पाण्याचं विचारलं. मॅडम हसल्या. "तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही सर. नाहीतर मीपण उत्तर देऊन टाकते."

सोमवारी मी बाटली घेऊन वर्गात गेलो. प्रश्न विचारला, घोट घेतला, थांबलो. एक, दोन, तीन, चार. पहिल्या बाकावरचा काळजीने म्हणाला, "सर, बरं वाटत नाहीये का?" सगळा वर्ग हसला आणि त्या गडबडीत उत्तर मीच देऊन बसलो.

येत्या गुरुवारी मॅडम माझ्या तासाला मागे बसणार आहेत. तोवर चाराचे पाच तरी करायला हवेत.