प्रत्येक सर्व्हिस पास, तरी माहिती बाहेर

मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “मधला दुवा टीएलएसचा, परवानग्या चोख, प्रत्येक सर्व्हिस वेगळी तपासलेली. मग माहिती गळणार कुठून?” (सर्व्हिस म्हणजे मोठ्या यंत्रणेतला स्वतंत्र चालणारा एक भाग.) तिन्हीकडून गळते.

टीएलएस, म्हणजे नेटवरून जाणारा मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत, मजकूर झाकतं, लांबी नाही. समजा, परळच्या एखाद्या रुग्णालयातून निकाल निघाला: ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्राही वेगळ्या मोजायच्या. पहिला निकाल १५ बाइटांचा, दुसरा २८चा. टीएलएसमधल्या एईएस-जीसीएम या सांकेतिक पद्धतीने कुलूप लावलं तरी १३ बाइटांचा फरक तसाच राहतो. डबा न उघडता नुसता उचलला तरी भरलेला की रिकामा ते कळतंच ना! दोन्ही निकाल आधी ६४ बाइटांपर्यंत भरून घ्या. टीएलएस १.३ मध्ये पॅडिंगची, म्हणजे अशी पोकळ भर घालायची, सोय आहे, सक्ती नाही.

फाइल कोण उघडतो ते परवानगी बघते. वाचलेलं पुढे कुठे जातं ते नाही. संगणकशास्त्रज्ञ गॉगेन आणि मेसेगर यांची १९८२ची कसोटी कडक आहे: गुप्त बाजूचं इनपुट सगळं काढून टाकलं तरी सार्वजनिक आउटपुट तेच राहिलं पाहिजे. सामायिक क्यू (कामांची रांग) गुप्त कामांनी भरली आणि बाहेरच्याला ‘क्यू फुल’ दिसलं, की कसोटी मोडली.

खरी गोम तिसऱ्या दाव्यात आहे. सर्व्हिस ‘अ’ यादृच्छिक बिट क काढते, तो फक्त गुप्त बाजूला दाखवते, तिथून ग घेते आणि बाहेर ‘ग एक्सॉर क’ देते (एक्सॉर म्हणजे दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०). बाहेरच्याला ० दिसो वा १, ग काहीही असू शकतो. ‘नॉनडिड्युसिबिलिटी’च्या कसोटीवर (बाहेर दिसतं त्यावरून गुपिताची कुठलीच शक्यता बाद होता कामा नये) ‘अ’ पास. सर्व्हिस ‘ब’ला तर बाहेर तोंडच नाही, तीही पास. आता दोघी जोडा; ‘ब’ झाली ‘अ’ची गुप्त बाजू. ‘ब’जवळचं गुपित म = १. ती क वाचून ग म्हणून ‘म एक्सॉर क’ पाठवते. क ० असेल तर ग १, बाहेर १. क १ असेल तर ग ०, बाहेर पुन्हा १. गुपित जसंच्या तसं चव्हाट्यावर! विटबोल्ड आणि जॉन्सन या संशोधकांनी हा दोष १९९० मध्येच मांडला. गुप्त बाजू कुठलीही चाल खेळली तरी टिकेल अशी अट त्यांनी त्यासाठीच घातली.

यावर “आमचं तर मॉडेलही सिद्ध झालंय” असं उत्तर येतं. पण मॉडेलमध्ये, म्हणजे यंत्रणेने कसं वागावं याच्या गणिती आराखड्यात, ‘० किंवा १, काहीही चालेल’ असं मोकळं सोडलेलं असेल, तर कोडने तिथे गुप्त बिटच छापला तरी तो नियमातच बसतो.