निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या: सगळ्याच जळाल्या नाहीत

‘१९२७ साली अमेरिकन सरकारने जपानला बाहुल्या भेट दिल्या आणि युद्धात जपानने एकूण एक जाळल्या’ असा फॉरवर्ड फिरतोय. अर्धवट आहे. बाहुल्या सरकारच्या नव्हत्या. सिडनी गुलिक या माजी मिशनऱ्याच्या पुढाकाराने शाळा-चर्चमधल्या मुलांनी, पालकांनी त्या जमवल्या. १२ हजारांहून जास्त! प्रत्येकीजवळ चक्क खोटाखोटा पासपोर्ट. जपानमध्ये उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी त्या शाळाशाळांत पोचवल्या आणि परतभेट म्हणून किमोनोतल्या ५८ बाहुल्या अमेरिकेला गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानमधल्या अमेरिकन बाहुल्या शत्रूच्या म्हणून बहुतेक नष्ट केल्या, हे खरंच. पण काही शिक्षकांनी जिवावर उदार होऊन लपवल्या. आज ३०० हून अधिक शिल्लक आहेत. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलंय.