भाचीचं धावणं थांबवू नका

नैरोबीत सकाळचे सहा वाजतात तेव्हा दादरला साडेआठ झालेले असतात. परवा त्याच वेळी ताईचा फोन आला. भाची शिवाजी पार्कात धावते, 1500 मीटर. यंदा दहावी, म्हणून सराव बंद. घरच्या ग्रुपवर दोन दिवस तेच चाललंय. काका म्हणतात, वर्षभराचा तर प्रश्न आहे. मामींनी लिहिलं, पुढे लग्न, मुलंबाळं, तेव्हा कुठे धावणार आहे ती?

मामी, मी राहते त्या केनियातल्या धावपटू फेथ किपयेगॉनचं सांगते. 2016 ला रिओत तिने 1500 मीटरचं सुवर्ण जिंकलं. 2018 मध्ये तिला मुलगी झाली. त्यानंतर टोकियो आणि पॅरिसलाही तेच सुवर्ण. या शर्यतीत तीन ऑलिंपिक सुवर्णं आजवर दुसऱ्या कोणाला, पुरुषालासुद्धा, मिळालेली नाहीत. आणि तिचे विश्वविक्रम सगळे आई झाल्यानंतरचे. 2023 मध्ये फ्लोरेन्सला 3 मिनिटं 49.11 सेकंद, 2025 मध्ये युजीनला 3 मिनिटं 48.68. दोन वर्षांच्या घामातून अर्धा सेकंदसुद्धा नाही कमी झाला! दम असा कणाकणाने साठतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. 2021 मध्ये ॲग्नेस तिरोप ही विक्रमवीर धावपटू इतेन गावातल्या राहत्या घरी मारली गेली, आरोप नवऱ्यावरच ठेवला गेला. ते विसरून मी केनियाचे गोडवे गाणार नाही. पण पहाटे रस्त्याच्या कडेने बायका धावत जातात, मोजे लाल मातीने माखलेले, आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. ते त्यांचं काम आहे, एवढंच.

फेथही थांबली होती ना, असं काका म्हणतील. थांबली, पण परत धावण्यासाठी. आपल्याकडचं 'वर्षभर' मला ठाऊक आहे. माझा खोखो दहावीत वर्षभरापुरताच सुटला होता. बारावी आली, मग कॉलेज लांब पडलं, मग विषयच निघाला नाही. आईबाबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंच नाही.

आपल्याच माणदेशातली ललिता बाबर त्याच रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हा याच ग्रुपवर किती अभिमानाने मेसेज आले होते!

ताई, तिचा क्लास संध्याकाळी असतो. सकाळी सहा ते सात तिला पार्कात जाऊ दे. आठवड्यातून चारच दिवस. शनिवारी मी तिच्याशीच बोलते, तिला काय वाटतं ते अजून कोणी विचारलेलं नाही.