हेल्मेट नव्हतं, म्हणून मोडलेल्या पायाची भरपाई नाही?

मागच्या लेखात मी एवढंच लिहिलं होतं, की रस्त्यावर कुणी उडवलं तर समोरच्याने पुढे केलेलं पाकीट घेऊन गप्प बसू नका. पोलिसांत नोंद करा, उपचाराचे आणि बुडालेल्या कमाईचे कागद जमवा आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या मुदतीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईसाठी अर्ज करा. त्यावर 'एक नियम पाळणारा' या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे देतो :

"तुम्ही भरपाईचं दुकान मांडलंय. ज्याने साधं हेल्मेट घातलं नाही त्याला भरपाई मागायचा नैतिक अधिकार काय? पैसे शेवटी वकीलच खातात, दावे दहा-दहा वर्षं चालतात. आणि सहा महिन्यांच्या मुदतीचा बागुलबुवा कशाला दाखवता? सर्वोच्च न्यायालयाने ती कधीच बाजूला ठेवली आहे. घरी बसून लेख पाडणं सोपं असतं."

नमस्कार, नियम पाळणारे साहेब.

आधी 'दुकाना'बद्दल. दुकान म्हटलं की गल्ला आला. मी त्या लेखात एकाही वकिलाचं नाव दिलेलं नाही, कुणाचा फोन नंबर दिलेला नाही, 'संपर्क साधा' असं म्हटलेलं नाही. मग हा गल्ला तुम्हाला दिसला कुठे? मतभेद असू द्या, त्याची मला सवय आहे. पण मुद्द्यावर दोन ओळी लिहिण्याआधी समोरच्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे, ही जी रीत हल्ली रूढ झाली आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आलाय. त्यातही मी स्वतःच्या नावाने लिहितो आणि तुम्ही टोपणनावाने. असो.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात हेल्मेटविषयी जेमतेम एक ओळ होती. विषय दाव्याचा होता म्हणून ती तेवढीच राहिली, पण दुचाकीवाल्यांसाठी लिहिताना आणखी चार ओळी खर्च केल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. त्या आता लिहितो. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या आढाव्यात दिसलं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांपैकी ५०,०२९ जण दुचाकीवर हेल्मेटशिवाय होते. तेव्हा हेल्मेट घाला, हनुवटीखालचा पट्टा लावा, मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा. इथपर्यंत तुमचं-माझं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते 'नैतिक अधिकार' या दोन शब्दांपाशी. बाकीची प्रतिक्रिया मी चहाबरोबर गिळली असती. हे वाक्य गिळवलं नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट सक्तीचं आहे. न घातल्यास कलम १९४-डी प्रमाणे १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. ही शिक्षा संसदेने ठरवली आहे. तुम्हाला ती कमी वाटत असेल तर वाढवा म्हणून मागणी करा, मीही सही करीन. पण त्या कलमात 'आणि मागून येणाऱ्याने पाय मोडला तर तोही निमूट सोसावा' असं पुढचं वाक्य मला तरी कुठे सापडलं नाही. हेल्मेटचा दंड हेल्मेटपुरता. तो कुणाच्या मांडीच्या हाडातून वसूल करायची सोय कायद्यात नाही.

न्यायाधिकरणापुढे प्रश्न असतात ते असे : अपघात कुणाच्या निष्काळजीपणामुळे झाला? आणि जखमी माणसाच्या स्वतःच्या वागण्यामुळे अपघात घडायला किंवा इजा वाढायला हातभार लागला का? या दुसऱ्या प्रश्नाला वकील मंडळी 'कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स' म्हणतात. डोक्याला मार लागला असेल आणि हेल्मेट नसेल, तर काही निकालांमध्ये भरपाईतून काही टक्के कापले गेले आहेत, हे मी लपवत नाही. पण टक्के कापणं वेगळं आणि अधिकारच नाकारणं वेगळं. शिवाय कापायचे तरी संबंध दाखवावा लागतो. डोक्यावर हेल्मेट असतं तर गुडघा वाचला असता का?

हा माझा तर्क आहे असं समजून तो उडवून लावाल म्हणून निकालच सांगतो. मोहम्मद सिद्दिकी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स, जानेवारी २०२०. मोटारसायकलवर तिघे होते, मागून कारने धडक दिली, त्यात एक तरुण गेला. तिघे बसणं बेकायदा, हे उघडच आहे. उच्च न्यायालयाने त्यापायी दहा टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. नियम मोडला हे खरं, पण तो मोडल्यामुळे अपघात झाला किंवा त्याचा आघात वाढला असं दाखवता आलं पाहिजे, नुसतं 'तिघे होते' एवढं पुरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तिघांच्या जागी हेल्मेट ठेवून बघा.

आणि तुमच्या नैतिकतेचा फायदा शेवटी कुणाच्या खिशात जातो, याचा विचार केलात का? ज्याने धडक दिली त्याच्या, आणि त्याच्या विमा कंपनीच्या. कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला वाऱ्यावर सोडू नये म्हणून. कंपनीने प्रीमियम घेतलेला आहे. जखमी माणूस संतासारखा वागला तरच पैसे देऊ, अशी अट त्या पॉलिसीत नसते. कायदा तर याहून पुढे गेला आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कलम १६४ मध्ये कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागता येतात. म्हणजे कायदा करणाऱ्यांचं मनसुद्धा तुमच्यापेक्षा मोठं निघालं.

आता 'घरी बसून'. हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही भाग पाडलंत.

माझा धाकटा भाऊ वायरमन. आडव्या रस्त्यावरून आलेल्या टेम्पोने न थांबता वळण घेतलं आणि तो दुचाकीसकट टेम्पोखाली गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घालावा लागला. हेल्मेट त्याच्याकडे होतं. ते आरशाला लटकवलेलं होतं. हो, हेल्मेट. म्हणजे तुम्ही ज्याचा नैतिक अधिकार काढून घ्यायला निघालात, तो माणूस माझ्या घरात जेवतो.

टेम्पोमालक दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आला. सोबत पाकीट, आणि 'आपसात मिटवू, केस कशाला' हे पालुपद. आमच्या काकांना ते पटलंही होतं. पोराने हेल्मेट घातलं नव्हतं, कोर्टात उलट आपलीच शोभा होईल, हा त्यांचा मुद्दा. तुमचाच मुद्दा, फक्त काकांनी तो घाबरून मांडला होता आणि तुम्ही ऐटीत मांडताय. ते पाकीट घेतलं असतं तर त्यातून रॉडचा खर्चसुद्धा निघाला नसता.

दाव्यात उलटतपासणीची वेळ आली तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने हेल्मेटचाच प्रश्न आधी काढला. भावाने सरळ 'नव्हतं घातलं' म्हणून सांगितलं. पुढे डॉक्टर साक्षीला आले. डोक्याला, चेहऱ्याला काही इजा? नाही. टाकासुद्धा नाही. विषय तिथेच मिटला, हेल्मेटपायी काहीही कापलं गेलं नाही. मी त्या खोलीत मागच्या बाकावर बसून हे ऐकलंय, साहेब. तुम्ही कुठे बसून लिहिलंत?

खरी झटापट झाली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि मागच्या लेखात ज्यासाठी मी जीव तोडून लिहिलं होतं ती गोष्ट हीच. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के होते वीसच्या घरात. कंपनीचं म्हणणं, कमाईचं नुकसानही तेवढंच धरा. पण वायरमनला शिडी चढावी लागते, खांबाला बिलगून काम करावं लागतं, आणि याचा गुडघा पुरता वाकतच नव्हता. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्वच्छ मांडला आहे : शरीराचं अपंगत्व आणि कमावण्याची ताकद गमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते, हे उदाहरण त्या निकालातलंच. आमच्या वकिलांनी तो निकाल पुढे ठेवला आणि भावाचं काम नेमकं काय असतं हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. कमाईचं नुकसान दाखल्यावरच्या टक्क्यांपेक्षा बरंच जास्त धरलं गेलं. वर्षाच्या त्या नुकसानाला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, असा तो उतरत जातो. म्हणजे टक्के चुकले की पुढचा सगळा हिशेब सतरा-सतरा पटीने चुकतो. तुमच्या 'नैतिक अधिकारा'च्या हिशेबात मात्र हे सगळंच शून्य. सोपं आहे, गुणाकाराचीही गरज नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. वकील पैसे खातात म्हणता. मिळालेल्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तसा सौदा कुणी पुढे केला तर दुसरा वकील बघावा. दावे लांबतात, हे आपण सगळेच आयुष्यभर ऐकत आलो आहोत आणि त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन. लांबतात म्हणून करूच नका, असा सल्ला द्यायचा असेल तर तो तुम्ही द्या, तुमच्या नावावर.

सहा महिन्यांची मुदत मात्र सोडवत नाही, कारण तुमच्या त्या एका वाक्याने कुणाचं तरी नुकसान होऊ शकतं. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, ही कलम १६६ ची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत. पण हा अंतरिम आदेश आहे. तरतूद रद्द झालेली नाही. उद्या अंतिम निकाल काय लागेल त्यावर तुम्ही पैज लावा, जखमी माणसाने लावू नये. याला मी बागुलबुवा म्हणत नाही, तारीख म्हणतो.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एका ताईंनी भीत भीत विचारलंय, ते तुम्ही वाचलंत की नाही कोण जाणे. त्यांच्या यजमानांना चार महिन्यांपूर्वी परजिल्ह्यात एका कारने उडवलं, मनगट आणि खांदा मोडला, हेल्मेट नव्हतं. "मग आम्हाला काही मागताच येणार नाही का?" असं त्या विचारतात. बघा, तुमचा एक प्रश्न केवढं काम करून गेला.

ताई, येतं. अगदी येतं. अजून दोन महिने हातात आहेत, ते घालवू नका. एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा यांच्या प्रती पोलीस ठाण्यातून घ्या. अपघाताचा सविस्तर अहवाल पोलिसांनी ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, तो गेला का ते लेखी विचारा. कारचा नंबर, मालकाचं नाव आणि विमा पॉलिसीचा तपशील त्यात असतोच. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची प्रत्येक पावती एका फाइलला लावा. अपंगत्वाचा दाखला घाईने घेऊ नका, उपचार पूर्ण होऊन हाताची हालचाल किती परत आली ते कळल्यावरच घ्या. दावा त्यासाठी थांबवायची गरज नाही, दाखला मागाहून लावता येतो. आणि यजमान नेमकं काय काम करतात, त्यात जखमी हाताचं काय काय काम लागतं, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अर्ज यजमानांच्या नावाने होईल, त्यामुळे त्यांचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात वकील मोफत मिळतो.

अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालायचीही गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो.