सोनेरी ड्रिल बिटाबाबत खुलासा

‘सोनेरी ड्रिल बिट घ्या, मशीन पूर्ण वेगाने चालवा, कुठल्याही धातूला भोक पडते’ असा संदेश सध्या सांगली-कुपवाड भागातील फॅब्रिकेशनवाल्यांच्या मोबाईलवर फिरत आहे. त्यातील दोन्ही सल्ले दिशाभूल करणारे आहेत. सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडच्या अवघ्या काही मायक्रॉन जाडीच्या थराचा असतो (स्वस्त मालात तर कधीकधी नुसती रंगरंगोटीच), आत मात्र बहुधा नेहमीचे हायस्पीड स्टीलच (एचएसएस) असते, त्यामुळे ग्राइंडरवर एकदा धार लावली की टोकावरचा थर निघून जातो.

माइल्ड स्टीलला साधे एचएसएस बिट पुरते. स्टेनलेसचे तसे नाही: बिट वेगाने फिरत नुसते घासत राहिले की भोकाचा तळ आरशासारखा चकाकू लागतो, म्हणजे धातू तिथे कडक झालेला असतो, आणि मग कोरे करकरीत बिटही त्यावर घसरते. अशा कामासाठी सुमारे ५ टक्के कोबाल्टचे एम३५ बिट, शक्यतो १३५ अंशांच्या टोकाचे, घ्यावे. कटिंग ऑइल सोडत दाब सलग ठेवावा. १० मिमी भोकाला मिनिटाला ३०० ते ४०० फेरे पुरेसे होतात.