'30 सेकंदांपर्यंत गाणं फ्री' वगैरे काही नसतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, की 30 सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं तर कॉपीराइट लागत नाही आणि खाली 'क्रेडिट टू ओनर' टाकलं की विषय संपला. अहो, असा कुठलाही नियम नाहीये. भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या कलम 52 मध्ये सूट कशाला ते दिलंय, खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा, बातमी वगैरे, सेकंदांचा आकडा त्यात नाही.

त्याच कलमात लग्नाची वरात पण आहे बरं का, म्हणून वरातीत गाणं वाजवलं तर चालतं, पण त्याच वरातीचा व्हिडिओ एडिट करून खाली आख्खं गाणं चिकटवून यूट्यूबवर टाकला की ती वेगळी गोष्ट झाली, आणि तिथलं कंटेंट आयडी, म्हणजे व्हिडिओतली गाणी आपोआप तपासणारी यूट्यूबची यंत्रणा, तर काही सेकंदांचा तुकडासुद्धा ओळखतं, त्याला तुमचं क्रेडिट वाचता येत नाही :)

दुसरं, 'जुनी गाणी सगळी फ्री'. अर्धवट खरं. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं, पण शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं. गदिमा 1977 ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर 2037 संपेपर्यंत हक्क आहेच, रेकॉर्ड कितीही जुनी असू दे.

काकांनी मेसेज डिलीट केलाय, पण तोवर तो सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता.