पट्टा नको, रोजचा अर्धा तास द्या

नागपुरात कोणाजवळही म्हणून बघा, की कंबर जुनी दुखते आहे. लगेच पट्टा सुचवतात, नाहीतर वजन बांधून ट्रॅक्शन लावायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नेमके हेच दोन उपाय सरसकट करू नयेत म्हटलंय, आणि व्यायाम हवा म्हटलंय. हे घरोघरी पोचायला पाहिजे, असं मला फार वाटतं.

माझी मोठी बहीण इतवारीत साड्यांच्या दुकानात आहे. दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या. तीन महिन्यांच्या वर टिकलं की दुखणं जुनाट; तिचं तर कित्येक वर्षांचं. फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक, अशा समजुतीनं ती गेली. मॅडमनी तिला चटईवर उताणं झोपवलं, गुडघे वाकवून कंबर सावकाश वर उचलायला लावली. "ताई, आकडे मोठ्यानं म्हणा." मोठ्यानं मोजलं की श्वास रोखला जात नाही.

जुन्या दुखण्यात दरवेळी आत काही मोडलेलं असतंच असं नाही. बरेचदा मज्जासंस्थाच इतकी हळवी होते की साध्या वाकण्यालाही ती धोका समजते. पडून राहिलं तर स्नायू आणखी दुबळे होतात. व्यायामात थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीइतकं उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर आवर्तनं कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही. (पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना.)

खरी अडचण घरातच आहे. जरा बरं वाटलं की आपल्या बायका कुरडयांचा घाट घाटायला बसतात, माळा उपसतात, आणि मग दोन दिवस अंथरूण धरतात. काम तुकड्यातुकड्यानं करायचं, हेही उपचारातच येतं. पण घरचे करू देतील तर ना! पट्ट्याला पैसे निघतात, सकाळचा अर्धा तास निघत नाही. उन्हाळ्यात तर ऊन चढायच्या आतच व्यायाम उरकावा लागतो, आणि नेमकी तीच डब्यांची वेळ.

म्हणून भावांनो, ती चटईवर असेल तेव्हा चहा तुम्ही ठेवा. डबाही भरा. पाहुणे आले तरी तिला उठवू नका.